खरकटी परत

एस्तेरनं झेरॉक्सचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला, पण ती बसली नाही. लहानपणी गणित चुकलं की ती अशीच उभी राहायची, पाटी पुढं आणि नजर खिडकीकडं. आता ती पुण्याला इतिहासात एम. ए. करत होती, आणि या वेळी चूक तिची नव्हती.

“वरचंच पान बघा, बाई,” ती म्हणाली. “पेन्सिलीनं खूण केलीय.”

मी चष्मा लावला. बोरूनं लिहिलेलं जुनं बाळबोध अक्षर होतं, दोरीवर वाळत घातल्यासारखं एका रेषेत. आमच्या देवखळीच्या मिशन दवाखान्याची ही वही. मूळ वही नगरच्या दप्तरखान्यात लोखंडी कपाटात असते, तिथून एस्तेर काही पानं काढून घेऊन आली होती. रोग्याचं नाव, आजार, औषध, बाटली दिली, बाटली परत, असे रकाने पाडलेले. औषधाच्या बाटल्या तेव्हा परदेशातून बोटीनं यायच्या, थोड्या असायच्या, म्हणून दिलेली बाटली परत घ्यायची पद्धत होती.

खुणेची ओळ अशी होती: ठकूबाई कोंडाजी आढाव. मुलगी सरू, वय दीड वर्ष. ताप. क्वि. बाटली एक. खरकटी परत. धु. वि.

सरू म्हणजे एस्तेरची आजी. आमच्या सगळ्यांची सरूआत्या. नव्वदीला टेकली होती, डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण ओसरीवर बसून अंगणातून कोण गेलं ते चपलांच्या आवाजावरून सांगायची.

मी ती ओळ दोनदा वाचली. मग एस्तेरनं पुढची पानं उलटून दाखवली. आढाव आडनावाची जेवढी माणसं तिला सापडली तेवढ्यांची पानं तिनं काढली होती, आणि प्रत्येकापुढं तेच. खरकटी परत. खरकटी परत. मध्येच एका पानावर वरच्या आळीचा कुणी पाटील आला होता, त्याच्यापुढं लिहिलं होतं, स्वच्छ परत.

एस्तेरचं म्हणणं तिनं फार आवाज न चढवता सांगितलं, पण सांगताना ती टेबलाची कड नखानं खरडत होती. औषध दिलं, उपकार केले, आणि मागं वहीत लिहून ठेवलं की ही घाणेरडी माणसं आहेत. शंभर वर्षं होत आली, आम्ही दरसाल उभं राहून देवाचे आणि त्या दवाखान्याच्या बाईचे आभार मानतोय, आणि ती कपाटात बसून आम्हाला खरकटे म्हणतेय.

तिचं दुखणं मला कळत होतं. खरकटं हा शब्द आमच्या घरांत साधा नव्हता. आमच्या आज्यांनी दुसऱ्यांची खरकटी काढण्यात जन्म घालवले, आणि आमच्या हातचं मात्र स्वच्छसुद्धा कुणाला चालत नव्हतं. तो शब्द त्या सुंदर अक्षरात बघून मलाही लागला. पण मी चाळीस वर्षं पोरांना शिकवलं आहे, आणि घाईनं वाचलेलं बहुतेक वेळा पुन्हा वाचावं लागतं एवढं तरी त्यातून कळलं आहे. म्हणून मी तिला म्हटलं, गठ्ठा रविवारपर्यंत माझ्याकडं राहू दे.

“आजीला काय सांगितलंस?” मी विचारलं.

“नाव सापडलं नाही म्हणून सांगितलं.”

इथं थोडं मागचं सांगायला हवं. दवाखान्याची ती दगडी खोली कित्येक वर्षं बंद पडली होती. आमच्या चर्चच्या मंडळीनं ती नीट करून मुलांसाठी वाचनाची खोली करायचं ठरवलं, आणि सुगीनंतरच्या उपकारस्तुतीच्या रविवारी ती उघडायची होती. दारावर बसवायचा दगड तयार होता, त्यावर दवाखाना चालवणाऱ्या परदेशी पेनिमन बाईंचं नाव कोरलेलं. आमच्या जुन्या माणसांच्या जिभेवर पेनिमन बसेना, त्यामुळे त्या पाणीमनबाई झाल्या आणि तशाच राहिल्या. रविवारशाळेतल्या पोरांना वाटतं, बाईंचं मन पाण्यासारखं होतं म्हणून हे नाव पडलं. मी दरवर्षी दुरुस्त करते आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

सरूआत्याच्या आधीची तिच्या आईची तीन मुलं पाळण्यातच गेली होती. चौथी सरू, तिलाही तसाच ताप चढला. ठकूबाई तिला पदरात गुंडाळून दवाखान्यात घेऊन गेली, आणि पाणीमनबाईंच्या औषधानं पोर उठली. उपकारस्तुतीच्या रविवारी, धान्याची, भोपळ्यांची, कोंबड्यांची अर्पणं वेदीपुढं मांडून झाली की सरूआत्या उठायची आणि त्या बाईचं नाव घेऊन देवाचे आभार मानायची. कोंबड्यांचा कलकलाट चालू असायचा, तरी ती नेटानं पूर्ण बोलायची. या वर्षी तिचा आवाज बसला होता. तिनं एस्तेरला सांगितलं होतं, माझ्या जागी तू बोल. आणि नगरला जाशील तेव्हा त्या वहीत माझं नाव आहे का ते बघ.

आणि आता एस्तेर म्हणत होती, मी बोलणार नाही. आजीला तिनं कारण सांगितलं नव्हतं. सरूआत्याची समजूत झाली होती की पोरीला पुण्याला राहून गावच्या देवळात उभं राहायची लाज वाटायला लागलीय. ते तिला लागलं होतं, पण तिनं ते फक्त मला सांगितलं, तेही हसत. म्हणाली, मास्तरीणबाई, तुम्ही शिकवून शहाणी केली, आता भोगा.

म्हणजे अडचण दोन्हीकडून होती. एस्तेर बोलली नाही तर म्हातारी समजणार की नातीला आपलं ओझं वाटतं. एस्तेर खरं बोलली तर म्हातारीनं नव्वद वर्षं उराशी धरलेली गोष्ट तिच्या हातून जाणार. आणि उपकारस्तुतीचा रविवार पुढच्याच आठवड्यात होता.

त्याआधीच्या रविवारी सकाळी मी रविवारशाळेच्या फळ्यावर वहीतली एक ओळ लिहिली. नाव लिहिलं नाही, नुसतं एक बाई आणि तिची मुलगी. बाकी शब्द होते तसे ठेवले. पोरांना म्हटलं, ही शंभर वर्षांपूर्वीची ओळ आहे, एकेक शब्द सोडवायचा, आणि जे लिहिलंय तेवढंच वाचायचं, मनातलं त्यात घालायचं नाही.

‘क्वि.’पाशी योना म्हणाला, क्विझ. योना साळवे म्हणजे आमच्या वर्गाचं करमणूक खातं. मग कुणीतरी आजाराचं नाव वाचून औषध असेल म्हणालं, आणि तापाचं कडू औषध म्हटल्यावर क्विनाईन निघालं. बाटली, परत, हे शब्द सरळच होते. खरकटी म्हणजे काय विचारल्यावर सगळे एकदम बोलायला लागले. न धुतलेली. उष्टी. आई ताटाला म्हणते ती. योनानं सांगितलं, त्याची आई त्याच्या तोंडालाच म्हणते.

सालोमी म्हणून एक मुलगी आहे, खिडकीजवळ बसते, हात वर करते तो खांद्याच्या वर जात नाही. ती तसाच हात वर धरून बसली होती. मी तिला बोल म्हटलं.

“बाई, औषधाला खरकटं कुठं असतं?”

मी म्हटलं, म्हणजे कसं ते नीट सांग.

“औषध घेतल्यावर बाटली कडू होईल, चिकट होईल. खरकटी नाही होणार. खरकटं जेवणाचं असतं.” ती थोडी थांबली. “मग बाटलीतून जेवलं कोण?”

पोरं हसली. योना बाटलीतून भाकरी ओढून खायची नक्कल करायला लागला. माझ्या हातात खडू होता, तो तसाच राहिला. इतक्या वेळा ती ओळ वाचूनही मी तो शब्द शिवीसारखा वाचला होता. शब्दासारखा वाचलाच नव्हता.

शाळा सुटल्यावर मी सालोमीला एस्तेरकडं घेऊन गेले आणि तिला म्हटलं, तोच प्रश्न पुन्हा विचार. तिनं विचारला. एस्तेर म्हणाली की आजीला विचारायचं तर आधी तिला नाव सापडल्याचं सांगावं लागेल. मी म्हटलं, हो, ते तर लागेलच.

सरूआत्या ओसरीवर ज्वारी पाखडत होती. डोळे नसले तरी सूप तिच्या हातात बिनचूक चालायचं. एस्तेर तिच्यासमोर बसली आणि एका दमात सांगून टाकलं की नाव आहे, मी खोटं बोलले, आणि ओळ वाचून दाखवली. खरकटी हा शब्द आला तेव्हा तिचा आवाज खाली गेला.

सरूआत्यानं सूप मांडीवर ठेवलं. “पुन्यांदा वाच,” म्हणाली.

एस्तेरनं पुन्हा वाचली.

“ठकूबाई कोंडाजी,” म्हातारी म्हणाली. “माझ्या आईचं नाव लिव्हलंय गं कुणीतरी. आख्खं.”

तिला खरकटीचं काही वाटलंच नव्हतं. आईचं नाव पूर्ण लिहिलेलं होतं, ठकी म्हणून नाही, ठकूबाई कोंडाजी म्हणून, एवढंच तिच्या कानात राहिलं होतं. मग मी तिला विचारलं की आत्या, औषधाची बाटली खरकटी कशी व्हायची.

तिनं माझ्याकडं तोंड वळवलं, असं की एवढं शिकलेल्या बाईनं हे विचारावं का. “मग काय रिकामी न्यायची?”

आणि मग ती सांगत गेली. तिचं बालपण ती फारसं सांगत नाही, पण विचारलं की सरळ सांगते. औषधाचे पैसे वरच्या आळीतले लोक देत. खालच्या वस्तीकडून बाई घेत नसत. पैसे दिले की हिशोब मिटला, बाटली धुवून पुसून परत. पण ज्यानं पैसे दिले नाहीत त्यानं बाटली मोकळी कशी न्यायची? शेजारणीनं कालवण दिलं तरी वाटी मोकळी जात नाही, आणि पाणीमनबाईनं तर पोर परत दिलेलं. म्हणून कुणी तेल घालायचं, कुणी मध, कुणी तिखट. ठकूबाई कालव्याच्या कडेला गुऱ्हाळावर मजुरीला जायची, तिला शेवटी थोडी काकवी मिळायची. ती बाटलीत जायची. सरूआत्या थोडी मोठी झाल्यावर आईचं बोट धरून तिनं स्वतः ती नेलेली होती. वाटेत बोट घालून चाटायला बघायची आणि मार खायची.

“हे तू कधी सांगितलं नाहीस, आजी.”

“त्यात काय सांगायचं? भाकरी खाल्ली ते सांगतं का कुणी?”

सालोमी माझ्याआडून हसली. सरूआत्याला ती तिथं आहे हे तेव्हा कळलं, तिनं हात पुढं केला आणि पोरीचं मनगट धरून जवळ बसवून घेतलं.

एस्तेर मात्र अजून अडलेली होती. गावात आपल्या हातचं पाणी चालत नव्हतं तेव्हा, ती म्हणाली, बाईंनी काकवी घेतली असेल तोंडदेखली. आपण वळल्यावर टाकून दिली असेल.

सरूआत्या रागावली नाही. तिनं मूठ वर धरली, आतलं काही उलटं केल्यासारखी. पाणीमनबाई आमच्यासमोरच वाडग्यात ओतून घ्यायची, तिनं सांगितलं. बाटलीचं तोंड बारीक, काकवी दाट. ती बाटली अशी उलटी धरून उभी राहायची, आणि धार तुटली तरी हलायची नाही. तेवढ्या वेळात मोडक्या मराठीत आईची चौकशी करायची. म्हैस व्याली का विचारायची. आमच्याकडं म्हैस कुठली. कोणीतरी तिला तेवढं एक वाक्य शिकवलेलं.

“टाकायची आसती तर शेवटच्या थेंबासाठी का खोळंबली आसती?”

एस्तेर सरळ मनाची मुलगी आहे, पटलं तेवढंच पटलं म्हणते. मला घरी पोचवायला येताना म्हणाली, बाईंचं समजलं. वहीत मग असं का? ज्यात प्रेमानं आणलेली काकवी होती तिला खरकटी म्हणायचं? मी म्हटलं, वही पाणीमनबाईंच्या हातची दिसत नाही, मोडकं मराठी बोलणारीला असं अक्षर येणार नाही. वही लिहिली कुणी ते तू पाहिलंस का? तिनं नाही पाहिलं. मग मी विचारलं, वहीची किती पानं काढलीस.

ती चालता चालता थांबली.

“फक्त आढावांची,” ती म्हणाली.

त्या आठवड्यात ती पुन्हा नगरला गेली. मला वाटलं एका दिवसात येईल, पण ती दुसऱ्या दिवशीही तिथंच बसली, आणि शनिवारी दुपारी, पोरं वाचनाच्या खोलीत पताका लावत असताना, दारात येऊन उभी राहिली. या वेळी ती लगेच बसली, जमिनीवरच, पताकांच्या कागदांत. तिनं एकच पान आणलं होतं.

तिनं वही पहिल्या पानापासून वाचली होती. लिहिणारा कंपाउंडर होता, विनायकराव दाबके. त्यांचं नाव मी ऐकून होते. मंडळीच्या जुन्या सभासदांत ते येतं. कोकणातल्या ब्राह्मण घरातला माणूस, ख्रिस्ती झाला म्हणून घरच्यांनी जिवंतपणी त्याचं श्राद्ध घातलं, एवढंच आमच्याकडं सांगत. बाकी गावात त्यांची कुणाला आठवण नव्हती. पाणीमनबाईंच्या गोष्टी घरोघर होत्या, विनायकरावांची एकही नव्हती.

पानावर कडेला, रकान्यांच्या बाहेर, त्याच अक्षरात दोन ओळी होत्या. एस्तेरनं मला वाचायला दिल्या नाहीत, स्वतःच वाचल्या.

“गडी महारवाड्यातील बाटल्यांस हात लावीत नाही. लाविल्यास गावात त्याचे पाणी बंद होते, त्याचा दोष नाही. सबब आजपासून ह्या बाटल्या मी धुवीन. वि. दा.”

या पानाच्या पुढं, तिनं सांगितलं, प्रत्येक खरकटीच्या शेवटी ती दोन अक्षरं येतात. धु. वि. मीही ती पाहिली होती, तिनंही. क्वि. हे औषध, तेव्हा धु. वि. हेही काहीतरी औषधच असणार असं आम्ही दोघी धरून चाललो होतो. धुतली, विनायक.

योना टेबलावर चढून पताका लावत होता आणि खाली कोण पडेल यावर पैज मारत होता. मी ते पान हातात घेतलं. जो माणूस बाटल्या धुतो त्याला एवढंच नोंदवायचं असतं की कुठली नुसत्या पाण्यानं निघेल आणि कुठलीला राख आणि उकळतं पाणी लागेल. काकवी वाळली की किती घासावी लागते हे आमच्या बायकांना सांगायला नको. त्याच्या वहीत खरकटी या शब्दाचा अर्थ एवढाच होता, ही धुवायची आहे, आणि ती मी धुतली. आमच्या लोकांची खरकटी भांडी त्या काळात या जिल्ह्यात दुसऱ्या कुणी धुतली असतील तर मला माहीत नाही. त्यानं ती वर्षानुवर्षं धुतली, आणि कुणाला सांगितलं नाही, नुसती दोन अक्षरं लिहिली.

एस्तेर म्हणाली, “मी त्यांना दोन आठवडे शिव्या दिल्या, बाई.”

मी म्हटलं, उद्या काय देणार आहेस? ती पताकांची दोरी सोडवायला लागली.

उपकारस्तुतीच्या रविवारी देऊळ भरलं होतं. बाजरीची पोती, भोपळे, वांगी, एका कोपऱ्यात पाय बांधलेली कोंबडी, आणि या वर्षी कुणीतरी अर्पण केलेला बोकड, जो पाळकसाहेबांच्या प्रार्थनेला अधूनमधून साथ देत होता. सरूआत्या पुढच्या बाकावर बसली होती, नवीन लुगडं, डोक्यावर पदर. तिच्याशेजारी एस्तेर. तिनं बोलणार म्हणून मला सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं. पाळकसाहेबांनी सरूआत्याचं नाव घेतलं तेव्हा एस्तेर तशीच बसून राहिली. सरूआत्यानं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि उचलून घेतला. ढकललं नाही. तेव्हा एस्तेर उठली.

तिनं भाषण केलं नाही. वहीतली ओळ वाचली, होती तशी, ठकूबाई कोंडाजी आढाव इथपासून धु. वि. इथपर्यंत. खरकटी हा शब्द आला तेव्हा मागच्या बाकांवर चुळबुळ झाली, दोन-तीन म्हाताऱ्यांनी मान वर केली. तिनं आवाज खाली नेला नाही. मग तिनं बाटलीत काय होतं ते सांगितलं, आणि पाणीमनबाई बाटली उलटी धरून कशी उभी राहायची ते हातानं करून दाखवलं. शेवटी ती कडेची टीप वाचली. बोकडसुद्धा गप्प होता, किंवा त्याचं ओरडणं कुणाला ऐकू आलं नसेल.

“ज्या बाईनं औषध दिलं तिचं नाव दगडावर आहे,” एस्तेर म्हणाली. “तिचे उपकार आहेत, आणि आजी दरवर्षी ते मानते. आज मी आजीच्या जागी मानते. माझ्या पणजीनं बाटली रिकामी पाठवली नाही, तिचेही. आणि विनायकराव दाबके, यांनी आमची खरकटी धुतली. मला हे माहीत नव्हतं. मी त्यांच्याबद्दल वाईट बोलले. देवा, त्यांचे फार उपकार आहेत.”

एवढंच. ती बसली. पाळकसाहेब गीत सांगायला विसरले, मग पेटीवाल्यानंच सूर धरला. माझ्यापुढं पोरं होती, आणि सालोमी मान वळवून माझ्याकडं बघत होती, की हे ते आपल्या फळ्यावरचंच ना. मी मान हलवली. तिच्या एका प्रश्नानं केवढं काय झालं हे मी तिला सांगितलं आहे, पण तिला ते पटलेलं नाही. तिला वाटतं, सोपा होता.

दगड बसला, वाचनाची खोली उघडली, अर्पणांच्या लिलावात बोकड योनाच्या बापानं घेतला. जेवणं झाल्यावर एस्तेर आजीला घेऊन घराकडं निघाली आणि मी सोबत गेले. सरूआत्या आमच्या दोघींच्या मधून चालत होती, एकेक पाऊल चाचपून. तिनं नातीचं कौतुक केलं नाही. आमच्याकडं तोंडावर कौतुक करत नाहीत. पण एरवी ती एस्तेरच्या दंडाला धरून चालते, त्या दिवशी तिनं तिचा हात हातात घेतला होता.

वेशीपाशी ती थांबली.

“त्या इनायकरावाला मागं कुणी व्हतं का गं?”

एस्तेरनं सांगितलं की वहीत तसं काही नाही. घरच्यांनी टाकलेला माणूस, लग्न केलं की नाही तेही माहीत नाही. भाऊबहीण असतील, कोकणात कुठंतरी. त्यांची नातवंडं, पतवंडं. त्यांना हे नावसुद्धा ठाऊक नसेल.

“हुडक की मग. तुला आता हुडकता येतं.”

“आणि सापडलं कुणी, तर काय करायचं, आजी?”

सरूआत्यानं पुढचं पाऊल टाकलं, रस्ता नीट लागला याची खात्री केली, आणि मग बोलली.

“सांगायचं, पोरगी जगली म्हणून.”